इमारतीची वळचण

वातानुकूलनाच्या ड्रॉइंगमध्ये एक छोटा बाण असतो. इमारतीच्या भिंतीतून तो बाहेर पडतो आणि त्याच्या टोकाशी लिहिलेलं असतं, ‘हवा बाहेर’. बाणाच्या पुढे पांढरा कागद. मी आयुष्याची बरीच वर्षं असे बाण काढले आहेत. हवा वाहून नेणारा डक्ट केवढा, पंखा किती ताकदीचा, जाळी नेमकी कुठे, हे सगळं मिलिमीटरपर्यंत तपासायचं आणि हवा भिंतीच्या बाहेर पडली की आपलं काम झालं असं मानायचं. ती हवा पुढे कुठे जाते, कुणाच्या खिडकीत शिरते, हे कुणी विचारत नसे. मीही कधी विचारलं नाही.

मग आमच्या घरासमोर एक नवी इमारत उभी राहिली आणि मी त्या पांढऱ्या कागदावर राहायला आले.

इमारत चांगली होती, हे आधीच सांगते. ग्रीन बिल्डिंगचं प्रमाणपत्र दाराशीच लावलेलं. दुहेरी काच, गच्चीवर सौर पॅनेल, पावसाचं पाणी साठवायची टाकी, सांडपाणी शुद्ध करून ते पुन्हा फ्लशला वापरायची सोय. मी त्याच धंद्यातली असल्यामुळे काम चालू असताना रोज कौतुकाने बघत होते. आतल्या माणसांना भरपूर उजेड मिळेल, विजेचं बिल कमी येईल, हवा खेळती राहील, याची मला खात्री होती आणि ती आजही आहे.

आमच्या दोन खोल्यांच्या खिडक्या पूर्वेला आहेत. सकाळचं ऊन येऊन गेलं की त्या खोल्या दिवसभर सावलीत. दुपारी वाचत पडायची माझी जागा तिथलीच. समोरची काच बसली त्या उन्हाळ्यात एक दिवस चारच्या सुमाराला पुस्तकाच्या पानावर ऊन आलं. पूर्वेकडून! सूर्य घराच्या पाठीमागे पश्चिमेला, आणि ऊन समोरून. खिडकीशी गेले तर पलीकडच्या काचेत दुसरा सूर्य तळपत होता, त्याच्याकडे बघवेना. रस्त्यावरच्या झाडाच्या एकाच फांदीला दोन सावल्या पडल्या होत्या, एक खऱ्या सूर्याची आणि एक काचेतल्या. आमच्या बाहेरच्या भिंतीवर उजेडाचा एक चौकोन हळूहळू सरकत होता. मी खिडकीतून हात बाहेर काढून तळवा आधी त्या चौकोनात टेकवला, मग त्याच्या शेजारच्या सावलीत. फरक समजायला थर्मामीटर लागला नाही. चौकोन पुढे सरकून गेला तरी भिंत बराच वेळ ऊब धरून होती.

काचेवर पडलेल्या उन्हाला तीनच वाटा असतात. ते आत जातं, काच ते पिऊन तापते, नाहीतर परत फेकते. ऊन आत येऊ नये म्हणून काचेवर धातूचा अतिशय पातळ थर देतात. त्यामुळे आतलं वातानुकूलन हलकं होतं आणि कागदावर ऊर्जेची बचत दिसते. बचत खरीच असते. पण नाकारलेलं ऊन नाहीसं होत नाही, ते दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्याला जातं. त्या दिवशी ते माझ्या पुस्तकावर आलं होतं.

अमेरिकेतल्या डॅलसमध्ये हाच प्रकार फार मोठ्या प्रमाणावर झाला. तिथलं नॅशर शिल्पसंग्रहालय रेंझो पियानो या वास्तुविशारदाने बांधलं, ते 2003 मध्ये उघडलं. त्याच्या काचेच्या छतावर अ‍ॅल्युमिनियमच्या असंख्य छोट्या कवचांची चाळण आहे. ती अशा कोनात बसवलेली की उत्तरेचा मऊ उजेड आत यावा आणि दक्षिणेचं थेट ऊन अडावं. पुढे संग्रहालयाच्या उत्तरेलाच म्युझियम टॉवर ही 42 मजली काचेची इमारत झाली. तिच्यावरून परतलेलं ऊन उत्तरेकडून येऊ लागलं आणि त्या चाळणीतून सरळ आत उतरलं. बागेतल्या झाडांना झळ बसली, कलाकृतींवर उजेडाचे ठिपके पडू लागले. सूर्य कुठून येणार याचा पक्का हिशेब करून बांधलेली वास्तू शेजाऱ्याच्या एका काचेने खोटी ठरवली. ही हकिगत वाचली तेव्हा माझी दुपारची खोलीच डोळ्यांसमोर आली.

लंडनच्या 20 फेंचर्च स्ट्रीटची गोष्ट तर जगभर गाजली. राफाएल विन्योली यांच्या या इमारतीची एक बाजू आत वळलेली, अंतर्गोल. 2013 च्या उन्हाळ्यात, बांधकाम संपायच्या बेतात असताना, त्या बाजूने ऊन एकवटून समोरच्या रस्त्यावर टाकलं आणि तिथे उभ्या केलेल्या एका मोटारीचे भाग वितळले. पुढच्या वर्षी त्या बाजूवर आडव्या पट्ट्यांचा पडदा बसवावा लागला. आत वळलेला आरसा उन्हाचं काय करतो हे शाळेतल्या मुलांना ठाऊक असतं. ते तपासलं गेलं नाही, कारण तपासणी इमारतीच्या आतल्या गोष्टींची होते आणि रस्ता आत येत नाही.

अशा वेळी मला वळचण आठवते. उतरतं छप्पर भिंतीच्या पुढे हातभर येतं, त्याच्या खालची ती अरुंद जागा. ती ना घराच्या आत, ना पुरती बाहेर. घर बांधणारा ती आपल्या भिंतीसाठी करतो, भिंतीला पाऊस लागू नये, ऊन लागू नये म्हणून. पण पाऊस आला की रस्त्याने जाणारा कुणीही तिथे येऊन उभा राहतो आणि चिमण्या त्याच वाशांत घरटं करतात. भिंतीसाठी केलेल्या सोयीतून परक्यालाही थोडं मिळून जातं. खोल छज्जा किंवा बाहेरच्या आडव्या पट्ट्या हे आजच्या इमारतीचं तेच रूप आहे. ऊन काचेपर्यंत पोचण्याआधीच अडलं तर ते परत फेकायचा प्रश्नच फारसा उरत नाही, आणि खालच्या फूटपाथला सावली मिळते ती वेगळी. गुळगुळीत काचेचा ठोकळा कुणालाच वळचण देत नाही. माझं तर मत असं झालं आहे की एखाद्या इमारतीचं दर्शनी रूप पाहताना पहिल्यांदा तिची वळचण शोधावी.

पांढऱ्या रंगाच्या बाबतीतही थोडं सावध राहायला हवं. गच्ची पांढरी करणं उत्तम, तिथून उसळलेलं ऊन बरंचसं आकाशात जातं. पण लॉस एंजेलिसमध्ये रस्त्यांनाच असा ऊन परतवणारा लेप दिला, तेव्हा संशोधकांना दिसलं की रस्त्याचा पृष्ठभाग थंड झाला तरी भर दुपारी त्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावर येणारी उष्णता वाढली. खालून परतलेलं ऊन त्याच्या अंगावर येत होतं. पृष्ठभागाचं तापमान आणि माणसाला लागणारं ऊन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उपग्रहाला पहिली दिसते, चालणाऱ्याला दुसरी सोसावी लागते.

आता बाणाकडे वळते, कारण माझा खरा विषय तो आहे.

वातानुकूलन यंत्र थंडावा तयार करत नाही, उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकतं. साधारण यंत्र विजेच्या एका एककावर आतली तीन एककं उष्णता उपसतं, आणि बाहेर टाकतं चार, कारण खर्च झालेल्या विजेचीही शेवटी उष्णताच होते. शहराच्या हवेत हे किती मुरतं? 2014 मध्ये अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी फीनिक्स या वाळवंटी शहराचा अभ्यास प्रसिद्ध केला. वातानुकूलन यंत्रांनी बाहेर टाकलेल्या उष्णतेमुळे तिथल्या काही भागांत रात्रीचं तापमान 1 अंशाहून जास्त वाढत असल्याचं त्यातून दिसलं. रात्रीचं, हे महत्त्वाचं. दिवसा उन्हाने तापलेली जमीन हवा वर उचलते आणि ती उष्णता उंचापर्यंत विरून जाते. रात्री हवेचा ढवळणारा थर पातळ होतो, मग तेवढीच उष्णता थोड्या हवेत साठते. बाहेर गरम म्हणून यंत्रं जास्त चालतात, यंत्रं जास्त चालतात म्हणून बाहेर आणखी गरम, हे चक्र चालूच राहतं. ज्याच्याकडे यंत्र नाही, त्याच्या वाट्याला त्यातलं फक्त गरम येतं.

शहर आजूबाजूच्या मोकळ्या मुलखापेक्षा उबदार असतं हे काही नवं नाही. ढगांना आज आपण वापरतो ती नावं देणाऱ्या ल्यूक हॉवर्ड यांनी लंडनच्या हवामानावरच्या ग्रंथाचा पहिला खंड 1818 मध्ये प्रसिद्ध केला. लंडनच्या रात्री बाहेरच्या मोकळ्या भागापेक्षा सरासरी सुमारे 2 अंशांनी उबदार असतात, हे त्यांनी वर्षानुवर्षं स्वतः नोंदी ठेवून दाखवलं. त्या वेळी वातानुकूलन नव्हतं. चुली, शेगड्या, धूर आणि दगडविटांच्या भिंती एवढ्यावर हे घडत होतं.

चांगली ग्रीन बिल्डिंग शेजाऱ्यावर सर्वांत मोठा उपकार करते तो इथे, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. समजा, एका काचेच्या इमारतीतून 100 एककं उष्णता उपसावी लागते आणि यंत्र वर सांगितलं तसं आहे. बाहेर पडतात सुमारे 133. तीच इमारत सावल्या, जाड भिंती, योग्य दिशा यांचा विचार करून बांधली आणि उपसायची उष्णता 60 वर आली, यंत्रही एका एककावर पाच उपसणारं घेतलं, तर बाहेर पडतात 72. जवळपास निम्म्यावर! रस्त्यावर एकही झाड न लावता त्या रस्त्याची रात्र हलकी झाली. प्रमाणपत्राच्या फलकावर विजेची बचत लिहिलेली असते, पण ‘शेजारच्या गल्लीत आम्ही एवढी उष्णता कमी टाकतो’ असं लिहिलेला फलक मी अजून पाहिलेला नाही. लिहायला हवं असं मात्र मनापासून वाटतं.

यात माझ्या आवडीची इमारत झिंबाब्वेमध्ये हरारेला आहे. ईस्टगेट सेंटर, 1996 साली पूर्ण झालेलं. मिक पिअर्स यांनी वारुळातली हवा कशी खेळते यावरून तिची कल्पना बेतली. नेहमीचं केंद्रीय वातानुकूलन तिथे नाही. हरारे समुद्रसपाटीपासून उंचावर, त्यामुळे रात्री गार असतात. पंखे ती रात्रीची हवा इमारतीच्या पोकळ्यांतून फिरवतात, काँक्रीट थंड होतं आणि दुसऱ्या दिवशी आतली उष्णता शोषत राहतं. तापलेली हवा छपरावरच्या धुराड्यांतून वर निघून जाते. शेजाऱ्याच्या खिडकीसमोर धापा टाकणारी यंत्रं उभी करावी लागत नाहीत. भिंती जाड, खिडक्या लहान, वर सावल्या. दिसायला ती झाडांनी मढवलेली नाही, आणि ‘हिरवी इमारत’ म्हटल्यावर जे चित्र मनात येतं त्यात ती बसणारही नाही.

त्या चित्राबद्दल बोलायलाच हवं. मिलानमधली बॉस्को व्हर्टिकाले ही स्टेफानो बोएरी यांची दोन इमारतींची जोडगोळी 2014 मध्ये पुरी झाली आणि सज्ज्यांवर वाढलेली तिची झाडं जगभरच्या चित्रांत पोचली. मला ती सुंदर वाटते. वाऱ्याने झाडं उन्मळू नयेत म्हणून कृत्रिम वारा सोडणाऱ्या बोगद्यात चाचण्या झाल्या, दोरावरून उतरणारे माळी त्यांची छाटणी करतात. पण झाड किती उंचीवर आहे, याने शेजाऱ्याला फार फरक पडतो. पानातून एक लिटर पाणी वाफ होऊन जाताना हवेतून साधारण 2.4 मेगाज्यूल उष्णता घेऊन जातं, म्हणजे अर्ध्या युनिट विजेहून जास्त. झाड हा एक गुपचूप चालणारा कूलर आहे. मात्र विसाव्या मजल्यावर चाललेला कूलर फूटपाथला उपयोगी पडत नाही. हाँगकाँगसारख्या दाट शहराचा अभ्यास करून एडवर्ड इंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2012 मध्ये हेच मांडलं: उंच इमारतींच्या गच्चीवर केलेल्या हिरवाईने खाली चालणाऱ्याला जाणवेल असा गारवा येत नाही, जमिनीवरची झाडं मात्र तो देतात, आणि गवतापेक्षा झाडं बरी.

म्हणून गच्चीवरची बाग निरुपयोगी ठरते का? अजिबात नाही. शिकागोच्या सिटी हॉलच्या अकरा मजली इमारतीवर 2001 मध्ये लागवड पूर्ण झाली. गंमत म्हणजे त्याच इमारतीच्या दुसऱ्या अर्ध्या भागाचा कारभार वेगळ्या प्रशासनाकडे होता आणि तिथलं छत काळं डांबरीच राहिलं, त्यामुळे तुलना आयतीच मिळाली. त्या वर्षी ऑगस्टमधल्या एका तापल्या दिवशी डांबरी छत सुमारे 76 अंशांवर होतं आणि लागवडीचा भाग 33 ते 48 च्या दरम्यान. त्या छताखालच्या मजल्याला याचा थेट लाभ होतो. शिवाय अशी हजारो छतं झाली तर शहरावरची सगळी हवाच कमी तापते. टोरांटोने 2009 मध्ये मोठ्या नव्या इमारतींना हिरवं छत सक्तीचं करणारा कायदा केला तो अशा एकूण परिणामाकडे बघून. माझा आग्रह एवढाच की खालचं झाड तोडून वरच्या बागेचा फोटो दाखवू नये. तळघराचं पार्किंग प्लॉटच्या हद्दीपर्यंत खणत नेतात, मग मुळांना जमीनच उरत नाही आणि कुंडीतल्या झाडांना ‘लँडस्केप’ म्हणतात. तीस वर्षांच्या झाडाची सावली कुंडीत मावत नाही.

बाहेरच्यासाठी दार उघडं ठेवणारी हिरवाई कशी असते, हे सिंगापूरच्या खू टेक पुआत रुग्णालयात दिसतं. 2010 मध्ये ते सुरू झालं. त्याचं अंगण शेजारच्या यिशुन तळ्याच्या बाजूला मोकळं सोडलं आहे, तळ्याचं पाणी झाडांना वापरतात, आणि बाग व तळ्याकाठची वाट आसपासच्या रहिवाशांनाही खुली. भिंतींना बसवलेल्या उभ्या पात्यांनी वारा वॉर्डांत वळवला जातो. फुलपाखरं यावीत म्हणून मुद्दाम झाडं निवडली. रुग्णालयाच्या नकाशात तळं आलं आणि तळ्याकाठी फिरणाऱ्यांच्या नकाशात रुग्णालय. पांढरा कागद असा भरला गेला की इमारत परिसराची होते.

वाऱ्याची बाब थोडक्यात. उंच रुंद इमारत वाऱ्याला अडवते, अडलेला वारा तिच्या अंगावरून खाली घसरतो आणि पायथ्याच्या कोपऱ्यावर चालणाऱ्याला ढकलतो. त्याच वेळी तिच्या पाठीमागची गल्ली गुदमरते. जर्मनीतलं श्टुटगार्ट खोलगट जागी वसलेलं आहे. तिथल्या नगरपालिकेत 1938 पासून शहराच्या हवामानाचा अभ्यास करणारं खातं आहे. रात्री आजूबाजूच्या टेकड्यांवरून गार हवा शहरात उतरते, तिच्या वाटा नकाशावर आखलेल्या आहेत आणि त्या वाटांत बांधकाम येऊ नये असं बघितलं जातं. हाँगकाँगने सार्स या श्वसनरोगाच्या 2003 च्या साथीनंतर वाऱ्याकडे गांभीर्याने पाहिलं. किनाऱ्याला लागून भिंतीसारख्या उभ्या राहिलेल्या इमारतींच्या रांगा मागच्या वस्तीचा वारा तोडत होत्या. 2011 पासून तिथल्या नियमांत इमारतींमध्ये फटी ठेवण्याला स्थान मिळालं. या रांगेतली प्रत्येक इमारत स्वतंत्रपणे कितीही काटकसरी असली तरी त्यांची मिळून भिंत झाली की मागच्या माणसाला त्या काटकसरीचं काय? म्हणून प्रमाणपत्रासाठी एकेका इमारतीला गुण देण्याची पद्धत मला नेहमी अपुरी वाटते.

पाण्याचं गणित त्या मानाने सोपं आणि बहुतेक वेळा शेजाऱ्याच्या बाजूचं असतं. हिरवं छत आणि साठवणाच्या टाक्या पाऊस थोपवून धरतात, त्यामुळे खालच्या गटारावर एकदम लोंढा येत नाही. माती चिंब झाल्यावर मात्र पुढचा पाऊस नेहमीसारखाच वाहतो, तेव्हा ढगफुटीला हे एकटं पुरत नाही. खोल तळघरासाठी महिनोन्‌महिने भूजल उपसून गटारात सोडलं जातं, ते पाणी कुणाच्या हिशेबात येतं हे मी अनेक बैठकांत विचारलं आहे. उत्तर मिळायला वेळ लागतो.

आता ज्याने मला हे सगळं लिहायला बसवलं ते सांगते.

एका सकाळी समोरच्या इमारतीच्या पायथ्याशी एक होला पडलेला दिसला. वर बघितलं तर पहिल्या मजल्याच्या काचेवर त्याचा ठसा होता. डाग नव्हे, ठसा. होल्या-कबुतरांच्या पिसांवर बारीक पांढरी भुकटी असते, ती धडकेने काचेवर उमटते. दोन्ही पंख पसरलेले, पंखांची एकेक पिसं मोजता येतील इतकी स्पष्ट, छातीचा गोल, मान थोडी एका बाजूला वळलेली, बहुधा शेवटच्या क्षणी. सकाळच्या तिरप्या उजेडात ते चित्र चमकत होतं. काचेत समोरचं, आमच्या दारातलं झाड जसंच्या तसं दिसत होतं. तो त्या झाडात शिरायला निघाला होता. थोड्या वेळाने काच पुसायला माणूस आला आणि एका हातात ते सगळं गेलं.

त्या इमारतीने काच मोठी ठेवली ती आत दिवसा दिवे लागू नयेत म्हणून. समोर झाडं लावली ती चांगल्या हेतूने. पण मोठी काच आणि समोर झाड ही जोडी पक्ष्यासाठी सापळा होते. अमेरिकेत दरवर्षी 36.5 कोटी ते 98.8 कोटी पक्षी इमारतींना धडकून मरतात, असा अंदाज 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. शिकागोत तळ्याकाठच्या मॅकॉर्मिक प्लेस या प्रदर्शन केंद्राच्या एकाच इमारतीपाशी 2023 च्या ऑक्टोबरमध्ये एका रात्रीत सुमारे 1000 स्थलांतरित पक्षी मेले. तिथल्या फील्ड म्युझियमचे डेव्हिड विलार्ड 1978 पासून त्या इमारतीच्या पायथ्याचे मेलेले पक्षी गोळा करून नोंदवत आले आहेत. इतक्या वर्षांत अशी सकाळ त्यांनी पाहिली नव्हती. पुढच्या उन्हाळ्यात काचेवर बारीक ठिपक्यांची फिल्म बसवली आणि त्या शरद ऋतूत मृत्यू जवळपास 95 टक्क्यांनी घटले. ठिपक्यांनी!

न्यूयॉर्कच्या जाविट्स सेंटरचं उदाहरण मला आणखी धीर देतं. पूर्वी ते पक्ष्यांचा काळ म्हणून कुप्रसिद्ध होतं. 2014 मध्ये पूर्ण झालेल्या नूतनीकरणात आरशासारखी काच काढून ठिपक्यांची, कमी चकाकणारी काच बसवली आणि पावणेसात एकराचं छत हिरवं केलं. धडका सुमारे 90 टक्क्यांनी कमी झाल्या आणि कुरव पक्षी त्या छतावर घरटी करू लागले. तीच इमारत, त्याच जागेवर. 2019 च्या अखेरीस न्यूयॉर्कने नव्या इमारतींसाठी पक्ष्यांना दिसेल अशी काच सक्तीची केली.

पक्ष्यांना काच दिसावी म्हणून ठिपके बाहेरच्या बाजूने हवेत, आणि दोन ठिपक्यांमधलं अंतर 5 सेंटिमीटरहून जास्त नको, कारण त्याहून मोठ्या फटीतून आपण जाऊ असं लहान पक्ष्याला वाटतं. मी घरच्या खिडक्यांवर आधी ते करून पाहिलं. दोन दिवस डोळ्यांना खुपतात, मग ठिपके आहेत हेच विसरायला होतं. समोरच्या व्यवस्थापनाला फोटोसकट पत्र लिहिलं. पहिल्या पत्राला उत्तर आलं नाही, दुसऱ्यानंतर खालच्या दोन मजल्यांच्या काचेवर फिल्म बसली. दुपारच्या उन्हाचा प्रश्न तसाच आहे. त्याचंही पत्र लिहिलेलं आहे.

इमारतीने बाहेरच्याला उत्तर द्यावं, ही अपेक्षा काही अवाजवी नाही. 1915 मध्ये न्यूयॉर्कला इक्विटेबल बिल्डिंग सरळ रस्त्याच्या कडेपासून उभी चढली आणि तिची सावली सुमारे 7 एकरांवर पडू लागली. पुढच्याच वर्षी शहराने नियम केला की उंच जाताना इमारतीने पायरी-पायरीने मागे सरकावं, म्हणजे रस्त्याला आकाश दिसेल. सिडनीच्या वन सेंट्रल पार्क इमारतीने 2014 मध्ये याच गोष्टीला वेगळं उत्तर दिलं. आपल्यामुळे खालच्या जागेवर सावली पडते हे मान्य करून वर आरसे टांगले; खालच्या गच्चीवरचे आरसे सूर्याचा माग काढत त्यांच्यावर ऊन टाकतात आणि ते ऊन खाली पाठवतात. एवढा खटाटोप सगळीकडे परवडणारा नाही आणि त्याची गरज पडू नये हेच बरं. पण आपली सावली आपली जबाबदारी मानली, हे मला मोठं वाटतं.

प्रमाणपत्रांच्या याद्यांत शेजारी अगदीच नसतो असं नाही. ब्रिटनचं ब्रीअम 1990 मध्ये आलं, अमेरिकेचं लीड 2000 पासून रुळलं. लीडमध्ये उष्णतेची बेटं कमी करण्याला, रात्रीचा उजेड आवरण्याला गुण आहेत, 2011 मध्ये पक्ष्यांच्या धडका टाळण्याचा प्रायोगिक गुणही आला. अडचण अशी की यातले बरेच गुण ऐच्छिक. ते सोडून दुसरीकडून बेरीज पुरी करता येते. मी स्वतः अशा बेरजा केल्या आहेत, कुठला गुण स्वस्तात पडतो हे बघून. 2006 मध्ये सुरू झालेल्या लिव्हिंग बिल्डिंग चॅलेंज या प्रमाणपत्रात एक अट मात्र अशी होती की प्रकल्पाने शेजाऱ्यांची मोकळी हवा, ऊन आणि नैसर्गिक प्रवाह अडवू नयेत किंवा बिघडवू नयेत. ती गुणांची बाब नव्हती, पाळायचीच अट होती. पहिल्यांदा वाचली तेव्हा मी ती ओळ कागदावर उतरवून टेबलासमोर लावली.

सध्या आमच्याकडे एका पाच मजली इमारतीचं काम चालू आहे. या खेपेला ड्रॉइंग सुरू करताना मी आधी शेजारच्या तिन्ही इमारती त्यावर मोजून काढल्या, खिडक्यांसकट. त्यासाठी दोन दिवस गल्लीत टेप घेऊन फिरले. मग नेहमीच्या ठिकाणी बाण काढला. तो पलीकडच्या दुसऱ्या मजल्यावरच्या एका खिडकीवर जाऊन टेकला, अंतर साडेचार मीटर. मी ती खिडकी बघून आले होते. तिच्या गजांना वाळत घातलेले लहान मुलाचे कपडे होते.

बैठकीत डक्ट वर न्यायचं म्हटल्यावर बराच वाद झाला. डक्ट वर नेणाऱ्या उभ्या पोकळीसाठी, म्हणजे शाफ्टसाठी, प्रत्येक मजल्यावरची थोडी जागा जाणार होती, पंखा मोठा लागणार होता. मी नकाशा टेबलावर पसरला आणि सगळ्यांना बाणाचं टोक दाखवलं. मालक बराच वेळ त्या खिडकीच्या चौकोनाकडे बघत राहिले. मग त्यांनी पेन मागितलं आणि शाफ्टवर सही केली. सुधारलेल्या ड्रॉइंगवर बाण आता वर जातो. त्याच्या टोकाशी लिहिलंय, ‘हवा बाहेर, शेजारच्या गच्चीच्या 3 मीटर वर’.